जानेवारी लागला, बर्फाचा पत्ता नाही आणि स्कीइंगची तिकिटं काढलेली आहेत, तर काय करायचं

ठाण्यात रात्री अजून फॅन लावून झोपतोय आणि गुलमर्गहून व्हिडिओ येतायत त्यात अख्खं मैदान पिवळं गवत, अशा वेळी ज्यांनी ऑफिसात सुट्टी टाकून ठेवलीये त्यांच्या जिवाची काय घालमेल होते ते मला चांगलं माहितीये. २०२४च्या जानेवारीत आम्ही चौघं ह्याच अवस्थेत होतो. त्या वर्षी तिकडे जवळजवळ सगळा जानेवारी कोरडा गेला, बर्फ आला तो महिना संपता संपता, आणि आम्ही तोपर्यंत परत येऊन कामाला लागलेलो. पॅकेजवाल्याने एक रुपया परत केला नाही. तेव्हापासून जे शिकत गेले ते सगळं एकत्र लिहून काढतेय.

सगळ्यात आधी तारखा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा असा थंडीचा हिशोब असतो. आपण डोक्यात ख्रिसमसची सुट्टी धरून बुकिंग करतो आणि तिथेच फसतो. बर्फ थंडीच्या तारखेवर पडत नाही, तो वेस्टर्न डिस्टर्बन्स आल्यावर पडतो, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने ढगांची जी सिस्टिम हिमालयापर्यंत येते तिच्यावर सगळं अवलंबून. ती कमजोर निघाली किंवा वरच्यावर उत्तरेकडून निघून गेली की कडाक्याची थंडी असूनही जमीन कोरडी राहते. २०२५मध्ये तर गुलमर्गच्या खेलो इंडिया विंटर गेम्स फेब्रुवारीत होणार होत्या, बर्फ नव्हता म्हणून पुढे ढकलल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. त्यामुळे माझं स्पष्ट मत, नवीन बुकिंग करत असाल तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा किंवा त्यानंतरचं करा, आणि विमानाचं तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. बर्फ पडला नाही म्हणून ट्रिप रद्द केली तर नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सहसा काही मिळत नाही, आणि स्कीइंग करताना पाय मोडला तर कव्हर आहे का हेही पॉलिसीत वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट वेगळा घ्यावा लागतो.

निघायच्या आधी हॉटेलवाल्याला नुसतं "बर्फ आहे का" विचारू नका, आहेच म्हणतो. आजचा व्हिडिओ मागा, त्यात त्याला आजची तारीख बोलायला सांगा. आणि प्रश्न नीट विचारा, कुठल्या उंचीवर किती. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरीला संपतो ते ३१०० च्या आसपास, दुसरा टप्पा अफरवटवर ३९५० च्या आसपास. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा डिग्रीने उतरतं, म्हणजे खाली पाऊस आणि वर बर्फ हे एकाच दिवशी होऊ शकतं. पण वर बर्फ आहे म्हणून नवशिक्याने दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन जायचं नाही, तिथे आखलेला तयार उतार नाही, उघडा डोंगर आहे आणि पातळ बर्फाखाली दगड आहेत. उलट खालच्या मैदानात गवत असल्यामुळे फूट-दीड फूट दाबून बसलेला बर्फसुद्धा शिकायला पुरतो. नवशिक्या माणसाला तेवढंच तर हवंय!

उत्तराखंडातल्या औलीला बर्फ बनवायची मशिन बसवली होती, मग थंडी कमी का असेना, असं बरेच जण म्हणतात. पण मशिनलाही थंडी लागतेच, आणि नुसतं थर्मामीटर बघून चालत नाही, हवेतली आर्द्रता धरून जे वेट बल्ब तापमान निघतं ते उणे अडीचच्या आसपास किंवा खाली लागतं. नागपूरला कूलर चालतो आणि ठाण्यात चालत नाही ना, तेच गणित आहे. हवा कोरडी असेल तर शून्याच्या थोडं वर असतानाही बर्फ बनतो, दमट असेल तर शून्याला पण नाही.

आता हातातला वेळ. बर्फ उशिरा येतोय म्हणजे पाय तयार करायला जास्त आठवडे मिळाले, ते वाया घालवू नका हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण पहिल्या दोन दिवसांत मांड्या पेटतात आणि मग पुढचे दिवस माणूस नुसता बसून फोटो काढतो. उपवनहून येऊरला चालत चढणं ठाण्यातले खूप जण करतात, पण स्कीइंगला कामाचा भाग आहे तो उतरण्याचा. गुडघे किंचित वाकवून, घाई न करता, पाय आपटू न देता उतरा, स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो आणि स्कीवर नेमकं तेच करावं लागतं. बेलापूरवाल्यांना पारसिक हिल आहे, खारघरवाल्यांना त्यांची टेकडी. नाहीतर बिल्डिंगचा जिना, लिफ्टने वर जा आणि चालत खाली या, आधी दहा मजले, मग वाढवा. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, तीस सेकंदांपासून सुरू करून दीड-दोन मिनिटांपर्यंत न्यायचं. एका पायावरून दुसऱ्या पायावर आडव्या उड्या, आणि घोट्याची लवचिकता, ती सगळे विसरतात, घोटा वाकला नाही की माणूस मागे झुकतो आणि मागे झुकला की पडतो. ज्यांना इनलाइन स्केट्स येतात त्यांनी ते काढा, वळणाचा अंदाज येतो.

तिथे पोचलात आणि बर्फ पातळ, ओला आहे, तर दिवसाचं टाइमटेबल बदला. रात्री गोठल्यामुळे सकाळी लवकर ते काचेसारखं कडक असतं, दहा-साडेदहाला थोडं मऊ झालं की सुरू करा, आणि दुपारी चिखलासारखं झालं की थांबा, कारण स्की त्यात रुततो, आपण थकलेलो असतो आणि गुडघा पिळतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीतल्या उतारावर बर्फ टिकतो, शिकवणाऱ्याला तिकडेच घेऊन जा म्हणा. सावलीतून उन्हात येताना स्की एकदम चिकटल्यासारखा होतो, तिथे वजन पायाच्या मधोमध ठेवा, नाहीतर तोल पुढे जातो. स्कीच्या तळाला लावायचं वॅक्स उबदार हवामानासाठी वेगळं येतं, भाड्याच्या दुकानात ते लावून मागा. स्की घेताना खालची बाजू आणि कडा बघून फोटो काढून ठेवा, दगडाचे जुने ओरखडे नंतर तुमच्या नावावर नकोत. ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या घ्या, ओल्या बर्फात पहिली जोडी दुपारपर्यंत भिजते, आणि जाड फुगीर जॅकेटपेक्षा पाणी आत न जाऊ देणारी पँट जास्त उपयोगाची.

आणि मग एक दिवस बर्फ पडतोच, दोन-तीन फूट, सगळं पांढरं, इतके दिवस वाट बघितलेली असते त्यामुळे कधी एकदा वर जातो असं होतं. इथेच थांबा. कोरड्या सीझनमध्ये जो थोडासा बर्फ आधी पडलेला असतो तो निरभ्र थंड रात्रींमध्ये आतून बदलतो, जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. त्या दाण्यांवर नवीन जड थर बसला की तो केव्हाही सरकू शकतो. २२ फेब्रुवारी २०२४ला गुलमर्गच्या वर खिलनमर्ग भागात ॲव्हलांच, म्हणजे हिमस्खलन, येऊन एका रशियन स्कीअरचा जीव गेला. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था ॲव्हलांचचे इशारे काढते, ते रोज बघा, स्की पॅट्रोलने दोरी लावलेली असेल तर पलीकडे जाऊ नका, आणि मैदान सोडून वर जायचंच असेल तर स्थानिक गाइड आणि प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली दबलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि ते वापरायची प्रॅक्टिस खाली करून. नवशिक्यांनी मात्र मैदानातच राहा, नवीन बर्फ पडला की तिथेही मऊ असतं, पडलं तरी लागत नाही, पहिली वळणं त्याच्यावरच नीट बसतात. त्या दिवशी गुलमर्गच्या खालच्या टांगमर्गच्या पुढे गाड्या चेन लावल्याशिवाय चढत नाहीत, तर सकाळचं परतीचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच खाली श्रीनगरला उतरा.