दवाखान्याची थैली आधीच बांधून ठेवा

रात्री माणूस दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा रेशन कार्ड पेटीत, आधार भलत्याच पिशवीत आणि दोन्हींवर नाव वेगळं. आमच्या घरी आईचं नाव एकीकडे ‘शांताबाई’, दुसरीकडे नुसतं ‘शांता’. एवढ्यावरून तीन तास काउंटरवर गेले.

तेव्हापासून हे करतो:

१. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधार व रेशन कार्डावर एकसारखी आहे का, एकदा बसून तपासा. चूक असेल तर शेतीची कामं कमी असतात तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

२. सेवा केंद्रातून सगळ्यांचं आयुष्मान कार्ड (सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठीचं) काढा. आजोबा-आजी सत्तरीपुढचे असतील तर त्यांचं वेगळं निघतं.

३. कागद एका प्लास्टिकच्या थैलीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा. फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये हवेत.

४. निघण्याआधी १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा: हा दवाखाना महात्मा फुले योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) आहे का, आणि याच आजारासाठी आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. यादीतल्या दवाखान्यात सगळेच उपचार योजनेत नसतात.

५. पोहोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा.

एक लक्षात असू द्या. भरती न होता घेतलेली औषधं, दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडं, सोबतच्यांचं जेवण आपल्याच खिशातून जातं. म्हणून कापसाचे चुकारे आले की थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं एटीएम कार्ड मुद्दामच काढलं नाही, नाहीतर पोळ्यालाच संपलं असतं.