कोरड्या बोअरमधली हाक: ५२ हजारांत केलेली सायन्स फिक्शन

माझ्या लघुपटाची पहिली संहिता यानाची होती. दौलताबादच्या किल्ल्यामागे यान उतरतं, अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, परग्रहावरचे लोक वर येतात, असं बरंच काही. संरक्षित वास्तूत शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, यान दाखवायला ग्राफिक्स लागतात, आणि माझ्याकडे दोन्हींची सोय नव्हती. पण खरी अडचण निराळी होती. त्या गोष्टीत माझं काहीच नव्हतं. यान काढून टाकलं तर मागे काही उरत नव्हतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आपल्या कल्पनेची ही परीक्षा घ्यावी: महाग वस्तू बाजूला काढा आणि गोष्ट उरते का बघा.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात काकांनी तिसरं बोअर घेतलं. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, खाली सगळा काळा पाषाण. ६०० फूट गेले, नुसता धुरळा निघाला. आम्ही पोरं त्यात ओरडायचो. ६०० फूट म्हणजे साधारण १८३ मीटर. आवाज खाली जाऊन परत यायला सेकंदाहून जरा जास्त लागतो. पुढे कितीतरी वर्षांनी एका रात्री प्रश्न पडला, हा आवाज आपण ओरडायच्या आधीच वर आला तर?

मला सायन्स फिक्शन सापडली ती इथे. एकच अशक्य गोष्ट आणि तिचा एकच नियम: पडसाद आधी येतो, आणि रोज थोडा जास्त आधी येतो. बाकी सगळं जसंच्या तसं, मोटारीसाठी थ्री-फेज विजेची वाट बघणं, कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज. एके दिवशी घरची बाई बोअरपाशी येते आणि तिला आतून स्वतःचाच आवाज ऐकू येतो. ती नवऱ्याला नावाने हाक मारतेय. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग उद्या-परवा असं काय होणार आहे की तिच्या तोंडून ते नाव निघेल? एवढ्यावर २२ मिनिटं उभी राहिली.

विज्ञान किती घालायचं, यावर मी फार अडखळलो. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे, ४ किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. दोन कृष्णविवरं सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळली, आणि इथे पोचला तो जेमतेम ०.२ सेकंदांचा संकेत. हे वाचून मी भारावलो आणि संहितेत एक शास्त्रज्ञ घातला. चार पानं तो समजावत बसला. मग त्याला काढलं. गुरुत्वीय लहरी भविष्यातून येत नाहीत, त्यांच्या नावाने खोटं सांगायचं नाही, हे ठरवलं. ठेवलं ते एवढंच, की आपल्या शिवारात कुणीतरी फार बारीक काहीतरी ऐकायला कान लावून बसणार आहे. चहाच्या टपरीवर दोन माणसं त्या प्रकल्पाबद्दल बोलतात, बस. नियम पाळा, त्याचं स्पष्टीकरण देत बसू नका. २००४ चा ‘प्रायमर’ हा अमेरिकी चित्रपट सुमारे ७ हजार डॉलरमध्ये झाला. त्यातलं कालयंत्र म्हणजे गॅरेजमध्ये जोडलेली एक पेटी आहे, आणि ती पुरते.

आता पैशांचं. एकूण ५२ हजार: जेवणखाण १५, साउंड रेकॉर्डिस्ट आणि माइक १४, कॅमेरा-लेन्सचं चार दिवसांचं भाडं १०, डिझेल ६, हार्ड डिस्क ५, किरकोळ २. आवाजावर कॅमेऱ्यापेक्षा जास्त खर्च केला आणि आजही तसाच करीन. चित्र थोडं भुरकट झालं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद कळला नाही तर उठून जातो. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीवर झालं.

तरी पहिली रात्र वाया गेलीच. अकरा वाजता थ्री-फेज आली, आणि ऑटो स्टार्टरवर ठेवलेल्या शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी लाइनमनकडून फीडरचं, म्हणजे शिवारात वीज आणणाऱ्या लाइनचं, वेळापत्रक घेतलं आणि शूटिंगचं वेळापत्रक त्यावर बसवलं. कामाला लागण्याआधी याच माणसाला भेटा. दिवस निवडतानाही सुगी टाळा. मळणी यंत्राचा आवाज तर असतोच, शिवाय गावातले कलाकार रानात असतात. आम्ही फेब्रुवारी धरला. एप्रिल-मेमध्ये फोन तापून बंद पडतात. घरात बल्बखाली शूट करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत चित्र लुकलुकत नाही.

बोअरच्या आतून वर दिसणारं आभाळ आम्ही केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये घालतात त्या पाइपच्या, दहा फुटी तुकड्यात फोन बसवून घेतलं. खऱ्या बोअरच्या तोंडावर शूटिंगभर लोखंडी झाकण होतं, ते उघडलं की दोन माणसं शेजारी उभी. पोरं बोअरमध्ये पडल्याच्या बातम्या आपण वाचतो; यात हयगय नको. आवाजासाठी मात्र खरं बोअरच वापरलं. तोंडाशी फुगा फोडून त्याचा घुमारा रेकॉर्ड केला आणि कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब या एडिटिंगमधल्या इफेक्टने तो घुमारा बाईच्या हाकेवर चढवला. ऐकणाऱ्याला ती हाक पाषाणातूनच येते.

ती बाई म्हणजे माझी मावशी. तिने कधी नाटकात काम केलेलं नाही. मी लिहिलेले संवाद वाचून ती म्हणाली, “असं कोण बोलतंय रे? ‘का बरं’ नाही, ‘कामून’ म्हण की.” सगळे संवाद तिच्यासोबत ओट्यावर बसून बदलले. मग म्हणाली, “आणि नवऱ्याचं नाव दुसरं ठेव. हे माझ्या सासऱ्याचं हाय, मी कसं घेऊ?” नाव बदललं.

एक चूक मात्र सांगतो, कारण या जातीच्या गोष्टीत ती कुणाचीही होईल. गोष्टीत पडसाद आधी येतो म्हणून मीही तो आधी रेकॉर्ड केला, पहिल्याच दिवशी, मावशीला खोलीत बसवून. हाकेचा प्रसंग शेवटच्या दिवशी होता. संध्याकाळी सहाला मावशी धुऱ्यावरून पळत आली आणि तिने हाक मारली. नावाचं शेवटचं अक्षर फुटलं नाही, नुसता श्वास निघाला. आम्ही कुणी कट म्हणालो नाही. पहिल्या दिवसाचा आवाज या हाकेशी कुठेच जुळत नव्हता. तो पुसला, आणि त्या संध्याकाळच्या टेकमधूनच पडसाद पुन्हा बनवला. आता सातव्या मिनिटाला बोअरमधून येतं ते नाव अर्धवटच येतं.