थर्माकोलच्या खोक्यातला बर्फाचा कूलर कसा बनवायचा

आधीच एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर हिरमोड नको. या खोक्याने खोली गार होत नाही. खोक्याच्या तोंडासमोर दोन-अडीच फुटांवर जो बसलाय किंवा झोपलाय तो गार होतो, बास. तेवढ्यासाठी मात्र हा प्रकार खरंच कामाचा आहे, मी दोन उन्हाळे रात्री उशाशी ठेवून वापरलाय.

खोली का गार होत नाही ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं की खोकं बनवताना निम्म्या चुका होतच नाहीत. १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोजूल उष्णता ओढून घेतो. एसीचा टन म्हणतो ना आपण, तोसुद्धा मुळात बर्फाचाच आहे, २००० पौंड म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचेल तेवढी ताकद म्हणजे १ टन. आता आपल्या खोक्यात मावणार फार तर ६ किलो. १ टनाचा एसी जेवढी उष्णता साडेनऊ मिनिटांत बाहेर टाकतो तेवढीच हा ६ किलो बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ओढणार. म्हणजे गारवा मोजकाच आहे, तो भिंतींवर आणि छतावर उधळायचा नाही, थेट अंगावर आणायचा. पुढचं सगळं त्यासाठीच.

सामान बरंचसं घरातच सापडतं. झाकणाचं थर्माकोलचं खोकं, थंड ठेवायच्या वस्तू ज्यात पॅक होऊन येतात ते चालतं, फक्त भिंत ३ सेंटीमीटर तरी जाड असू दे आणि आत १ लिटरच्या ६ बाटल्या उभ्या राहून थोडी जागा उरली पाहिजे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा, १२ व्होल्टचा अडॅप्टर (जुन्या राउटरचा बऱ्याचदा १२ व्होल्टचाच असतो, पण लेबल वाचून घ्या), ७५ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी एल्बो (पाइप वळवायला लावतात ते वाकडे तुकडे), रुंद चिकटपट्टी, धारदार कटर. हे वायरीचं जमणार नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा टेबल पंखा घ्या, जोर कमी पडतो पण काही जोडावं लागत नाही.

पंखा बसतो झाकणावर एका टोकाला आणि एल्बो बसतात समोरच्या टोकाच्या भिंतीत. याच्यावर मी अडून बसणार, कारण माझं पहिलं खोकं इथेच फसलं. मी दोन्ही भोकं एकाच बाजूला जवळजवळ पाडली होती, हवा पंख्यातून आत आली आणि लगेच बाहेर पडली, तासाभराने झाकण उघडलं तर पंख्याखालच्या दोन बाटल्या वितळत आलेल्या आणि मागच्या चार दगडासारख्या टणक. हवेला सगळ्या बाटल्यांना घासूनच जावं लागेल अशी वाट ठेवायची. बाटल्या एकमेकींना चिकटवून लावू नका, मध्ये बोटभर फट सोडा.

दुसरी गोष्ट भोकाच्या मापाची. बारीक भोकातून हवा जोरात येईल असं वाटतं आणि म्हणून लोक एकच छोटा पाइप लावतात, पण कॉम्प्युटरच्या पंख्यात हवा दाबून ढकलायची ताकदच नसते, पुढची वाट अरुंद झाली की पाती नुसती फिरतात आणि हवा उलटी मागे येते. १२० च्या पंख्याला ७५ चे दोन एल्बो बऱ्यापैकी जुळतात. नंतर खात्री करायची असेल तर पंख्याच्या कडेला पातळ कागदाची पट्टी धरा, बाहेरच्या बाजूला उडायला लागली तर वाट अजून मोकळी करायला हवी.

कापताना पंखा आणि एल्बो झाकणावर आणि भिंतीवर ठेवून पेनने गिरवा आणि रेषेच्या किंचित आतून कापा, म्हणजे घट्ट बसतात. कटर एका दमात आरपार घालू नका, दोन-तीन हलके हात मारा, नाहीतर थर्माकोलचे दाणे सुटून भोक वेडंवाकडं होतं. सुरी तापवून कापायचं काही जण सुचवतात, ते नको, त्याचा धूर छातीत जायला चांगला नाही. आणि रबरी सोल्यूशन किंवा कुठलाही उग्र वासाचा गोंद वापरू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल अक्षरशः खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. चिकटपट्टीच पुरते. झाकणाच्या कडेलाही फट राहत असेल तर फोमची पट्टी लावा.

पंख्याची दिशा बघायची साधी खूण म्हणजे ज्या बाजूला मधल्या चकतीला धरणाऱ्या दांड्या असतात, बहुतेक पंख्यांत हवा त्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू खोक्याच्या आत. पंख्याला दोनच वायरी असतील तर तांबडी प्लस आणि काळी मायनस. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर पंख्यावरच्या अँपिअरपेक्षा जास्त असले पाहिजेत. जोडावर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. घरातल्या विजेवर थेट चालणारा पंखा उघडून या खोक्यात कधीच बसवू नका, आत सगळं ओलं असतं. अडॅप्टर जमिनीवर नको, खोक्यापासून लांब आणि उंचावर ठेवा आणि वायर अडॅप्टरकडे जाताना मध्ये थोडी खाली लोंबू दे, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तरी तिथेच ठिबकतं.

बर्फ सुटा टाकायचा का बाटल्यांत? बाटल्यांत. सुट्या बर्फाचा गारवा जास्त झोंबतो हे खरं, पण त्याचं पाणी खोक्यात साठतं आणि ते कोमट झालं की तेच हवेत दमटपणा सोडतं. बाटलीतलं पाणी परत गोठवता येतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर चार बोटं रिकामी सोडा. मिठाचं पाणी भरा असंही सांगतात, त्याने बर्फ शून्याखाली वितळतो हे बरोबर आहे, पण चिमूट-दोन चिमूट मिठाने काही कळण्यासारखा फरक पडत नाही आणि फार खारं केलं तर घरच्या फ्रीझरच्या उणे १८ डिग्रीला ते नीट गोठतच नाही. मी साधंच पाणी भरते. बाटल्यांचे दोन संच ठेवा, एक खोक्यात आणि एक फ्रीझरमध्ये.

फ्रिज मात्र तुम्ही झोपता त्या खोलीत नको. बाटल्या गोठवताना जी उष्णता त्यातून निघते ती, वर त्याने खाल्लेल्या विजेची, सगळी फ्रिज मागून खोलीत सोडतो, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेतलं.

हवा कशी आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. कोरडा उन्हाळा असेल तर मी हे खोकं सुचवणारच नाही, ओल्या जाळीचा साधा कूलर बरा, कारण १ किलो पाणी वाफ होताना बर्फ वितळण्याच्या जवळजवळ सातपट उष्णता ओढतं आणि बर्फ गोठवत बसायची गरज नाही. पण दमट घामट हवेत जाळीचा कूलर हात टेकतो आणि तिथे हे खोकं उपयोगी पडतं, गार बाटल्यांवर हवेतलंच पाणी थेंबाथेंबाने जमतं आणि तोंडातून येणारी हवा गारही असते आणि थोडी कोरडीही. तासाभराने बाटल्यांवरून ओघळ दिसायला लागले की समजायचं काम चाललंय.

६ बाटल्या माझ्याकडे साधारण अडीच-तीन तास साथ देतात. झोपायच्या वेळी लावला की झोप लागेपर्यंतचा सगळ्यात त्रासाचा वेळ निघून जातो. एल्बो छातीकडे वळवा, रात्रभर तोंडावर गार झोत घेतला तर सकाळी घसा धरतो.

सुका बर्फ कितीही आकर्षक वाटला तरी यात घालू नका, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो. घरात तान्हं बाळ, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल आणि उष्णता खरंच भयंकर असेल तर या खोक्यावर विसंबू नका, त्यांना गार जागी हलवा.

सकाळी उठलं की तळाचं पाणी ओता, खोकं फडक्याने पुसा आणि झाकण उघडं टाकून वाळू द्या. दोन दिवस जरी तसंच ओलं राहिलं तरी कुबट वास धरतं आणि तो वास मग थेट नाकावर येतो.