तान्ह्याच्या गालावरचे ओरखडे: नखं कशी काढायची आणि ओरखड्याला काय लावायचं

आमची धाकटी नऊ दिवसांची होती. सकाळी पाळण्यात वाकून बघतो तर डाव्या गालावर डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत एक लाल रेघ. रात्रीत तिनंच ओढलेली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरलो नाही, कारण थोरल्याच्या वेळी हे सगळं पाहून झालं होतं. त्या वेळी माझ्या हातून झालेल्या दोन चुका अजून मनातून गेलेल्या नाहीत. ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बाळ मुद्दाम बोचकारत नाही. पहिले तीन-चार महिने हातांवर त्याचा ताबाच नसतो. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, की दचकून दोन्ही हात फेकतं आणि लगेच छातीशी ओढतं. त्या ओढण्यात नख गालाला लागतं. नखं कागदाच्या कडेसारखी पातळ, आणि वाढतात झपाट्यानं. म्हणजे आधी बघायचं ते नखांकडे.

मी घड्याळं दुरुस्त करतो. लक्ष्मी रस्त्यालगत एका बोळात गाळा आहे. दिवसभर चिमटा आणि भिंग हातात, त्यामुळे घरात नखं काढायचं काम माझ्याकडेच आलं. पण त्याला माझ्यासारखा हात लागतो असं अजिबात नाही. लागतो तो उजेड आणि निवांतपणा.

धाकटी सकाळी दूध पिऊन झोपली की मी वीसेक मिनिटं जाऊ देतो. मग तिचा हात हलकेच उचलून सोडतो. हात सैल पडला आणि मूठ उघडलेली असली, तर झोप गाढ आहे. साडेनऊच्या सुमाराला आमच्या धायरीच्या घरात खिडकीशी चांगला उजेड असतो, तिथंच मांडी घालून बसतो. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत असं आई म्हणते. कारण तिचं वेगळं आहे, पण अंधुक उजेडात बाळाच्या नखाला हात लावू नये हे मलाही पूर्ण पटतं.

पहिला महिनाभर कापू नका, फक्त घासा. तेव्हा नखाखालची कातडी नखाला इतकी चिकटलेली असते की कुठं नख संपलं ते कळत नाही. बारीक दाण्याची मऊ नेलफाइल घ्यायची, एकाच दिशेनं दोन-तीन वेळा फिरवायची. पुढं बाळांचं छोटं नेलकटर किंवा बोथट टोकाची कात्री. बोट आपल्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा आणि बोटाचा मऊ गर नखापासून खाली दाबा. नख आणि कातडी यांच्यामध्ये फट दिसली तरच कापा. हाताची नखं बोटाच्या गोलाईनं, पायाची सरळ. पांढरी कड थोडी राहू द्या, कोपऱ्यात खोल शिरू नका. मग कड घासा. मी शेवटी ते नख माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघतो, कुठं टोचलं तर पुन्हा घासतो. हाताची नखं आठवड्यातून दोनदा, पायाची महिन्यातून एक-दोनदा पुरतात. दहाही बोटं एकाच बैठकीत व्हायला हवीत असं काही नाही.

माझी पहिली चूक इथलीच. थोरला दीड महिन्याचा असताना गर न दाबता कटर लावलं आणि बोटाच्या टोकाची कातडी निघाली. एवढंसं रक्त, पण माझे हात थरथरत होते. अशा वेळी स्वच्छ गॉज बोटावर धरून दोन-तीन मिनिटं हलकं दाबून ठेवायचं. सारखं उचलून बघायचं नाही. रक्त थांबतं. थांबतच नसेल तर दवाखान्यात न्यायचं. चिकटपट्टी मात्र लावू नका. बोट तोंडात जातं, पट्टी सुटते आणि घशात अडकू शकते.

आमच्या आईनं आम्हा तिघा भावंडांची नखं दातांनी काढली. अजूनही बऱ्याच घरांत काढतात. पण आपल्या तोंडातले जंतू त्या इवल्या नखाच्या कोपऱ्यात जातात, नख फाटतं आणि तिथं पू धरू शकतो. डॉक्टरांनी आईला हे शांतपणे समजावलं, तिनंही ऐकलं.

आता हातमोजे, म्हणजे माझी दुसरी चूक. थोरल्याला आम्ही तुळशीबागेतून सहा जोड आणले होते आणि चोवीस तास घालत होतो. एका रात्री तो थांबेचना. भूक नाही, ओलं नाही. हिनं कपडे उतरवले, मी मोजा काढला. करंगळीशेजारचं बोट टोकाला जांभळं झालं होतं. मोज्याच्या शिलाईतला एक सुटा धागा बोटाभोवती दोन फेरे घेऊन आवळला होता. चिमट्यानं धागा उचलून मी कात्रीनं कापला. पाच मिनिटांत रंग परत आला, बोट वाचलं. तुमच्या हातानं असा धागा निघाला नाही, तर क्षणही न घालवता दवाखाना गाठा.

म्हणून मोजा घालायचाच असेल तर आधी उलटा करून सुटे धागे कापा, मनगटाला नाडी बांधू नका आणि अधूनमधून काढून बोटं बघा. दिवसा तर हात मोकळेच हवेत. बाळ मूठ चोखून भूक सांगतं, हातांनीच सगळं चाचपतं. धाकटीला आम्ही लांब बाह्यांची झबली घेतली, ज्यांची कड रात्री हातावर दुमडता येते. दुपट्यात गुंडाळणार असाल तर पाठीवरच झोपवा, पाय हलायला जागा ठेवा. बाळ कुशीवर वळू बघायला लागलं की गुंडाळणं बंद. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हाळ्यात तर तेही नको. बारशाला आलेल्या बिंदल्यांच्या जोडाची कडही गालाला लागते, एकदा बोट फिरवून बघा.

ओरखडा आलाच तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं टिपून घ्या, कोरडं करा. वर साध्या व्हॅसलिनचा पातळ हात पुरतो. हळद, पावडर, काजळ, अँटिसेप्टिक द्रव, बोरिक असलेलं मलम यांतलं काही उघड्या कातडीवर नको. अँटिबायोटिक मलम डॉक्टरांनी सांगितलं तरच. बारीक रेघ दोन-चार दिवसांत नाहीशी होते.

भोवतालची लाली पसरली, सूज आली, पू दिसला तर डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर रात्र असली तरी थांबू नका. नख डोळ्यात लागलं, डोळा लाल झाला, पाणी थांबत नाही किंवा बाळ डोळा उघडत नाही, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. घरचं काहीही डोळ्यात घालू नका.

आणि बाळ एकाच जागी पुन्हा पुन्हा गाल घासत असेल, कातडी लाल, कोरडी, खरखरीत असेल, तर ती खाज आहे. नखं कितीही काढली तरी ती जाणार नाही. पुण्याच्या थंडीत हवा फार कोरडी होते. धाकटीला आम्ही अंघोळ लवकर आटपून अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम लावत होतो, त्यानं पुष्कळ फरक पडला. चट्टे वाढत असतील तर डॉक्टरांनाच दाखवा.

आज उजव्या हाताची दोन बोटं झाली आणि ती जागी झाली. उरलेली तीन उद्या सकाळी.