मुळांवरच्या गाठी आणि सूत्रकृमी : निदानातल्या या चुका टाळा

पीक भर दुपारी माना टाकते, संध्याकाळी पुन्हा सावरते, पाने फिकट पडतात आणि शेतात जागोजागी खुरटलेल्या झाडांचे चट्टे दिसू लागतात. एवढे झाले की बहुतेक जण आधी पाणी वाढवतात, मग खताची मात्रा वाढवतात. मूळ उकरून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. मूळगाठ सूत्रकृमीचा, म्हणजे मुळात शिरून गाठी करणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, प्रादुर्भाव असेल तर जमिनीत ओल आणि खत दोन्ही असूनही ते पानांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, कारण वाहून नेणारी व्यवस्थाच आतून बिघडलेली असते.

सूत्रकृमी मूळ कुरतडून खातात, ही समजूत आधी सोडावी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे पिल्लू मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागातून आत शिरते, पेशींच्या मधून वाट काढत मुळाच्या गाभ्यापर्यंत जाते आणि तोंडातील सुईसारख्या अवयवातून स्राव सोडते. त्या स्रावामुळे मोजक्या पेशींतील केंद्रके पुन्हा पुन्हा विभागतात, पण पेशी विभागत नाहीत. अशा रीतीने तयार झालेल्या महाकाय पेशींवर पिल्लू पोसले जाते, एका जागी बसून फुगते, आणि भोवतालच्या पेशीही फुगल्यामुळे आपल्याला गाठ दिसते. मादी चिकट आवरणात शेकडो अंडी घालते आणि २७ अंशांच्या आसपास तापमान असल्यास महिनाभरात एक पिढी पूर्ण होते. झाड कोमेजल्यानंतर बुंध्याशी औषधाचे द्रावण ओतून एकच जोरदार आळवणी करून मोकळे होण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही. मुळात बसलेल्या मादीपर्यंत आणि आवरणातल्या अंड्यांपर्यंत बहुतेक औषधे पोहोचतच नाहीत.

सर्वाधिक नुकसान होते ते नमुना घेण्यातील निष्काळजीपणाने. माझ्या परिचयातील एका बागायतदाराने पूर्ण वाळलेले झाड बुंध्याला धरून उपटले, मुळाला चिकटलेली माती झटकली आणि ते पिशवीत घालून गाडीत ठेवले. पिशवी दुपारभर उन्हात तापली. प्रयोगशाळेच्या अहवालात सूत्रकृमी आढळले नसल्याचे लिहून आले आणि त्या कागदाच्या भरवशावर त्याने उरलेला हंगाम बुरशीनाशकांवर खर्च केला. वास्तविक, नेहमीच्या तपासणीत जिवंत सूत्रकृमी स्वतः वळवळत मातीतून पाण्यात उतरतात आणि तेच मोजले जातात. उष्णतेने मेलेले मोजणीत येत नाहीत. शिवाय उपटताना तंतुमुळे तुटून जमिनीतच राहिली होती आणि वाळलेल्या झाडाची मुळे कुजल्यामुळे त्यांवर जगणारे सूत्रकृमीही घटले होते. पुढे त्याच चट्ट्याच्या कडेवरच्या, अजून हिरव्या असलेल्या झाडांखालून नमुना घेतला, तेव्हा अहवाल अगदी उलट आला. मी स्वतः वाफसा असताना, म्हणजे जमीन फार ओली वा फार कोरडी नसताना, फावड्याने १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती तंतुमुळांसकट घेतो, चट्ट्यातील अनेक ठिकाणची माती एकत्र करतो आणि पिशवी बंद करून सावलीतच ठेवतो. याला थोडा वेळ लागतो, तो लागू द्यावा.

द्विदल पिकांत नत्र स्थिर करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंच्या गाठी (नत्राच्या गाठी) आणि सूत्रकृमीच्या गाठी यांत गल्लत होते, आणि रोगट मुळांवरच्या गाठी नत्राच्या समजून समाधान मानणारेही भेटतात. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, अंगठ्याने दाबून सरकवली की सहज सुटते, आणि कार्यरत असेल तर चिरल्यावर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच जाड झालेले असते. ती वेगळी काढायची तर मूळ तुटते. गाठी नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण प्रॅटिलेंकस गटातील सूत्रकृमी गाठी न करता मुळांवर तपकिरी जखमा करत पुढे सरकतात.

कडेला झेंडूची मोजकी झाडे लावून मुख्य पिकाचे रक्षण होत नाही. सूत्रकृमींना मारक ठरणारी द्रव्ये जिवंत मुळांच्या लगत काम करतात, त्यामुळे त्याच जागेवर दाट झेंडू काही महिने ठेवावा लागतो.

प्रतिकारक वाण लावला म्हणजे काम संपले, असेही नाही. टोमॅटोला मूळगाठ सूत्रकृमींविरुद्ध प्रतिकारशक्ती देणाऱ्या एमआय जनुकाचा प्रभाव जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेल्यावर ओसरतो, आणि मेलॉइडोगायनी हॅप्ला या मूळगाठ सूत्रकृमीच्या प्रजातीवर तो मुळातच चालत नाही. फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात केवळ बुरशीवर उपचार करणेही अपुरे ठरते, कारण सूत्रकृमींनी पोखरलेल्या मुळात बुरशीला शिरकाव सोपा जातो.

पिकाची फेरपालट करून शेतात तण तसेच ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलावे! अनेक तणे याच सूत्रकृमींना पोसतात.

रोपवाटिकेतून रोपे घेताना मी प्रत्येक खेपेतील काही रोपांची माती पाण्यात सोडवून मुळे भिंगाखाली पाहतो. विक्रेत्याने त्याला नकार दिला, तर ती रोपे घेत नाही.