गोठ्याची वही: आधी किलो, मग रुपये

आमच्या संगमनेर भागात दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं पावतीवर छापून येतं, त्यामुळे दुधाचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ. खाद्याचं विचारा, उत्तर येतं 'महिन्याला अमुक गोण्या'. दुधाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा गव्हाणीत जातो आणि तोच कुणी धड लिहीत नाही. म्हणून नव्याने गोठा टाकणाऱ्यांना मी गाय बघायच्या आधी लटकता वजनकाटा घ्यायला सांगतो.

घमेलं हे माप नव्हे. एकाच घमेल्यात एकदा गोळी पेंड (गोळ्यांच्या रूपातलं पशुखाद्य) आणि एकदा गव्हाचा भुसा भरून काट्याला लावा. भुसा पेंडीच्या निम्माही भरत नाही. शिवाय वैरण टाकणारा गडी बदलला की घमेल्याची शीगही बदलते. प्रत्येक खाद्याचं वजन एकदा करून घमेल्याच्या आत ऑइलपेंटने खूण मारून टाका.

वहीत दर गाईला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, व्यायल्याची आणि भरवल्याची (गाभण राहण्यासाठी रेतन केल्याची) तारीख. खाली दूध आणि पेंड शेजारी शेजारी, किलोतच. ढोबळ हिशेब असा: गाईच्या स्वतःच्या अंगाला रोज दीड किलो पेंड, वर दुधाच्या लिटरमागे 400 ग्रॅम (म्हशीला 500). म्हणजे 15 लिटरच्या गाईला साडेसात किलो, 6 लिटरवालीला चारच्या आत. बहुतेक गोठ्यांत दोघींनाही सरसकट पाच मिळते. एक उपाशी, दुसरी चरबी चढवते, आणि गोण्यांच्या हिशेबात यातलं काहीच दिसत नाही. दर गाईचं दूध रोज मोजायला जमत नसेल तर आठवड्यातला एक वार ठरवा, माझ्या मते तेवढं पुरतं.

सकाळी गव्हाण झाडण्याआधी उरलेलं तोला. गव्हाण रोजच चाटूनपुसून साफ असेल तर वैरण कमी पडतेय. नुसती लांब दांडकी उरत असतील तर चारा कापायच्या कुट्टी मशीनचं पातं बोथट झालंय. अचानक जास्त उरलं तर मुरघासाला (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला) बुरशी आहे का बघा, नाहीतर जनावराला ताप आहे का बघा.

नवीन गोण्या किंवा मुरघासाची नवी बॅग फोडली की तारीख टाका. फॅट पडली की आमच्याकडे सगळे हवेला बोल लावतात. वहीत मागे गेलात तर बऱ्याचदा कारण त्या तारखेपाशी सापडतं.

घरचा मका, घरचा घास (हिरवा चारा) फुकट धरू नका. बाजारात त्या दिवशी जो भाव असेल तोच मांडा, नाहीतर शेताचा नफा गोठ्याच्या नावावर चढतो.

ॲप वापरा, माझी ना नाही. पण ओल्या, शेणाच्या हातांनी मोबाइल कोण काढणार? खांबाला सुतळीने वही आणि पेन बांधा, संध्याकाळी पानाचा फोटो घ्या.

आणि आटवलेल्या गाईचं पान बंद करू नका. विण्याआधीचे दोन महिने ती दूध देत नाही, खाते मात्र रोज. तो खर्च तिच्याच पानावर पडला पाहिजे, तरच पुढच्या वेतात तिचं दूध नेमकं कितीला पडलं ते कळेल.