इको करताय? ‘भोक’ आणि ‘गुठळी’ लिहिण्याआधी या चुका टाळा

आठ वर्षांची पोर. हातात 2डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, ‘एएसडी 12 मिमी’: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मजात भोक. आईबापांनी दोन वर्षं तिला खो-खो खेळू दिला नव्हता. मी आधी हृदयाची उजवी बाजू पाहिली. अजिबात फुगलेली नाही. एवढ्या मोठ्या भोकातून जन्मापासून उजवीकडे रक्त जात असेल तर ते गेलं कुठे?

मग तिला गुडघे वाकवायला लावले, प्रोब पोटाच्या वरच्या टोकाला ठेवला आणि सबकॉस्टल, म्हणजे फासळ्यांखालून दिसणारा व्ह्यू घेतला. पडदा अखंड!

फोर चेंबरमध्ये, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून चारही कप्पे दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये, दोन एट्रियमांमधला (वरच्या कप्प्यांमधला) पडदा ध्वनिलहरींना जवळजवळ समांतर असतो, आणि मधल्या खळग्यापाशी, फॉसा ओव्हॅलिसपाशी, तो मुळातच पातळ. तिथून प्रतिध्वनी नीट परतत नाही, काळी फट दिसते. वर कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) टाकला की पडद्याला घासून जाणारा महाशिरेचा प्रवाह लाल दिसतो, आणि नवशिक्याला वाटतं पुरावा सापडला. सबकॉस्टलमध्ये लहरी पडद्यावर आडव्या आदळतात, म्हणून मी तो आधीच घेतो. बाहेर वीस पेशंट बसलेत, ही सबब मला सांगू नका.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे डाव्या एट्रियममधली ‘गुठळी’. एट्रियमचं उपांग (त्याला जोडलेली छोटी पिशवी) आणि डावी वरची फुप्फुसशीर यांच्यामध्ये एक घडी असते, टोकाला कान कोरायच्या काडीवरच्या कापसासारखी जाड. तिला गुठळी समजून इतक्यांना रक्त पातळ करायची ‘कौमाडिन’ गोळी दिली गेली, की तिचं नावच ‘कौमाडिन रिज’ पडलं. शीर शोधा, घडी तिच्या तोंडाशीच सापडते. झडपा चांगल्या, ठोके नियमित, एट्रियम लहान, तर तिथे गुठळी कशाला धरेल?

उजव्या व्हेंट्रिकलमधला (खालच्या कप्प्यातला) आडवा मॉडरेटर बँड हा स्नायूचा नेहमीचा पट्टा, ट्यूमर नव्हे. उजव्या एट्रियममध्ये जाळीसारखं फडफडणारं बहुधा कियारी नेटवर्क असतं, जन्मतः उरलेली निरुपद्रवी जाळी. मात्र ताप असेल, शिरेत नळी असेल तर पुन्हा बघा. हृदयाच्या फक्त पुढे दिसणारा, ठिपकेदार, हृदयाबरोबर हलणारा थर बहुतेक वेळा चरबीचा, पाण्याचा नव्हे. आडव्या पेशंटमध्ये हृदयाभोवतीचं पाणी आधी मागे साचतं.

आणि मायट्रल प्रोलॅप्स (डावीकडची मायट्रल झडप मागे एट्रियममध्ये झुकणं) फोर चेंबरवरून ठरवू नका. झडपेचं कडं खोगिरासारखं वळलेलं असतं, त्या बाजूने चांगली झडपही मागे झुकलेली वाटते. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये, म्हणजे छातीच्या हाडाशेजारून घेतलेल्या लांब छेदात, कड्याच्या 2 मिमीपेक्षा जास्त मागे गेली, तरच लिहा.